दहा मिलिमीटरची पितळी नळी आणि दोन पिएझो पट्ट्या: छोटी अल्ट्रासॉनिक मोटर जुळवताना

सूक्ष्मयंत्र (धागाकर्ता)

नमस्कार. धागा लांबणार आहे. आतापर्यंत काय केलं ते नीट सांगितलं नाही, तर उत्तर देणाऱ्याला अंधारात चाचपडावं लागेल.

मला बारीक पाइपांच्या आत डोकावणारं एक साधन बनवायचं आहे. एक प्रकाशतंतू आत जातो, त्याच्या टोकापुढे तिरका आरसा असतो. आरसा गरगर फिरला की पाइपाची भिंत पूर्ण वर्तुळात दिसते. आरसा फिरवायला मोटर टोकापाशीच हवी आणि तिचा व्यास तीन मिलिमीटरच्या आत हवा. या मापाच्या चुंबकी मोटरी मिळतात, पण त्यांना गिअर जोडावा लागतो आणि तंतू मोटरच्या पोटातून नेता येत नाही. म्हणून मी नळीच्या आकाराच्या पिएझो मोटरकडे वळलो (पिएझो म्हणजे व्होल्टेज दिलं की आकार किंचित बदलणारा पदार्थ). पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात केंजी उचिनो यांच्या गटाने धातूच्या नळीवर दोन चपट्या पिएझो पट्ट्या चिकटवून अशी मोटर केली होती. तिच्यात सुट्या भागांची संख्या इतकी कमी आहे की घरच्या टेबलावर ती जमेल असं वाटलं.

माझी रचना अशी आहे. पितळेची नळी, लांबी १० मिमी, बाहेरचा व्यास २.४ आणि आतला १.६ मिमी. नळीवर एकमेकींशी काटकोनात दोन सपाट पाठी घासून घेतल्या आणि प्रत्येक पाठीवर ८ × १ × ०.३ मिमीची पीझेडटीची (शिसं, झिर्कोनियम आणि टायटॅनियम असलेल्या पिएझो सिरॅमिकची) पट्टी चिकटवली. नळीच्या पोटातून एक सळई जाते. सळईच्या दोन्ही टोकांना शंकूच्या आकाराचे रोटर आहेत आणि एका टोकाला छोटी स्प्रिंग आहे. ती दोन्ही शंकूंना नळीच्या आतल्या कडेवर साधारण अर्ध्या न्यूटनने दाबून धरते. एवढीच मोटर. पहिली आवृत्ती भरीव सळईची आहे. ती चालली की पोकळ सळई घालून तंतू आतून नेणार.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडं तत्त्व. पिएझो पट्टीवर व्होल्टेज दिलं की ती किंचित लांबते किंवा आखडते. किती किंचित? माझी पट्टी पीझेडटी-५एच जातीची आहे. ६० व्होल्ट दिले तर ८ मिलिमीटरची पट्टी सुमारे ०.४४ मायक्रोमीटरने बदलते. एवढ्याने काहीच फिरणार नाही. पण पट्टी नळीच्या एका बाजूला चिकटलेली असल्यामुळे ती आखडली की नळी वाकते, आणि नळीच्या स्वतःच्या वाकण्याच्या वारंवारतेवर, म्हणजे अनुनादावर, हा झोका दिला की वाकणं अनेक पटींनी वाढतं. दोन काटकोनी दिशांतली वाकणी पाव आवर्तनाने मागेपुढे राहिली की नळीचं टोक छोटं वर्तुळ काढतं. खलात बत्ता हाताने घोळवतो तेव्हा बत्ता स्वतःभोवती फिरत नाही, पण त्याचं टोक खलाच्या कडेने फिरत राहतं. इथे तसंच होतं. नळी फिरत नाही, तिची कड फक्त घोळते आणि घासत घासत शंकूला फिरवते.

वारंवारता हाताने काढली तर ८८ किलोहर्ट्झ येते. सूत्र बारीक, लांब दांड्याचं आहे आणि माझी नळी तिच्या व्यासाच्या जेमतेम चौपट लांब, म्हणून हा आकडा फसवा आहे. आडवं सरकणं आणि छेदाचं जडत्व धरलं की तो ७० च्या घरात उतरतो. प्रत्यक्षातही तिथेच सापडला.

आता अडचणी.

एक. पहिल्या पट्टीला व्होल्टेज दिलं की रोटर फिरतो. दुसऱ्या पट्टीला दिलं की तो उलट फिरायला हवा, पण नुसता थरथरतो.

दोन. तीन-चार मिनिटांत वेग उतरत जातो आणि मोटर थांबते. हात लावला तर नळी गरम लागते.

तीन. वारंवारता हळूहळू बदलत विद्युतप्रवाह पाहिला तर मला एका शिखराऐवजी दोन दिसतात, ६९.१ आणि ७१.८ किलोहर्ट्झला. नळी गोल आहे तर दोन कुठून आली?

ज्यांनी अनुनादावर चालणारं काहीही बनवलं आहे, अगदी अल्ट्रासॉनिक वेल्डिंगचा हॉर्नसुद्धा, त्यांनी जरूर लिहावं.

भिंगवाला

वा! लेन्स दुरुस्तीच्या टेबलावर मी या मोटरींबरोबर अर्धं आयुष्य काढलं आहे, पण आत काय चालतं ते इतकं मोकळेपणाने मराठीत लिहिलेलं पहिल्यांदा वाचलं.

माझ्या हाताखालून गेलेल्या मोटरी वेगळ्या घराण्यातल्या. जपानमध्ये तोशिइकु साशिदा यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला पुढे सरकणाऱ्या लाटेची मोटर केली आणि १९८७ मध्ये कॅननने ईएफ ३०० मिमी एफ/२.८ एल यूएसएम या लेन्समध्ये ती आणली. उघडल्यावर एक धातूचं कडं दिसतं. त्याच्या एका अंगाला दाते आणि पाठीला पिएझोचं पातळ कडं चिकटवलेलं असतं. बाजरीच्या शेतावरून वारा गेला की कणसं जागेवरच डोलतात आणि लाट तेवढी पुढे जाते. तशीच लाट त्या कड्यात धावते. लाटेच्या माथ्यावरचा बिंदू मात्र मागे जात असतो, म्हणून वर दाबलेला रोटर लाटेच्या उलट्या दिशेने फिरतो. नवीन मुलांना हे पटवायला मला दोरी हलवून दाखवावी लागते. दाते असल्यामुळे आडवी हालचाल वाढते आणि झिजेचा भुगा फटींत पडतो.

वीज बंद असताना रोटर घट्ट धरून राहतो, फिरताना आवाज नाही. फोकसला याहून वेगळं काय हवं?

कडं लहान करत गेलात तर काय होतं ते मला माहीत नाही. जाणकारांनी सांगावं.

लेथवरचा_माणूस

मी शिरोली एमआयडीसीत टर्निंगची कामं करतो. पिएझोतलं कळत नाही, पितळ कळतं.

नळी गोल आहे असं तुम्ही म्हणता, पण दोन बाजूंनी पाठी घासल्यावर ती गोल राहिली कुठे? दोन दिशांना वाकायला वेगवेगळी झाली असेल, म्हणून दोन सूर. घंटेचं असंच असतं. ओतकाम एका बाजूला जाड झालं तर घंटा घुमताना थरथरते, कारण दोन जवळचे सूर एकमेकांत येतात. मग टोकाला थोडं थोडं घासून सूर जुळवता येणार नाही का?

सूक्ष्मयंत्र

काका, तुमचा अंदाज पटतो. घंटेचं उदाहरण तर मनात घर करून बसलं. टोकं घासून पाहिली. काल अर्धा तास बारीक पॉलिश पेपरवर दोन्ही टोकं घासली. दोन्ही शिखरं वर सरकली, पण त्यांच्यातलं अंतर तेवढंच राहिलं.

त्रिज्या

बरोबरच झालं. टोकाचं वजन नळी कोणत्याही दिशेला वाकली तरी तेवढंच हलतं, म्हणून ते कमी केलं की दोन्ही सूर सारखेच वर जातात. एकच सूर हलवायचा असेल तर त्या दिशेची ताठरता बदलावी लागते, आणि ताठरतेचं सगळं राज्य नळीच्या मध्यावर असतं. मोकळ्या दांड्याच्या पहिल्या वाकण्यात मध्यावर वाक सर्वांत जास्त असतो. टोकांजवळ तो जवळपास शून्य.

पण कानस उचलण्याआधी थांबा. तुमच्या मोटरला दोन सूर एक करायचेच नाहीत. ही मोटर एका वेळी एकाच पट्टीवर चालते आणि एका व्होल्टेजमधून दोन वाकणी पाव आवर्तनाच्या अंतराने मिळवते ती याच दोन सुरांच्या फरकातून. चार पट्ट्या लावून दोन फेजचं, म्हणजे पाव आवर्तनाने मागेपुढे असलेलं दुहेरी व्होल्टेज देणारी रचना असती तर सूर एक करायला लागले असते. न्यू स्केल टेक्नॉलॉजीजची स्क्विगल मोटर तशी आहे. दीडेक मिलिमीटर बाजूची, सहा मिलिमीटर लांबीची, आणि आत आटे, त्यामुळे स्क्रू फिरता फिरता पुढेही सरकतो. दोन्ही घराण्यांचं गणित वेगळं आहे आणि सुरुवातीला मीही ही गल्लत केली होती.

एका पट्टीच्या मोटरचा हिशोब असा. तुमच्या पट्ट्या काटकोनात आहेत, म्हणून नळीचे दोन मूळ सूर पट्ट्यांच्या दिशेने नसून कर्णांच्या दिशेने असतात. एक कर्ण दोन पट्ट्यांच्या मधून जातो, दुसरा त्याला आडवा. एक पट्टी चालवली की दोन्ही कर्ण सारखेच ढकलले जातात. आता व्होल्टेजची वारंवारता दोन शिखरांच्या बरोबर मधे ठेवा. खालच्या सुराचं कर्ण मागे रेंगाळतं, वरच्याचं पुढे राहतं. दोन शिखरांमधलं अंतर एका शिखराच्या रुंदीइतकं असेल, तर एक ४५ अंश मागे, दुसरं ४५ अंश पुढे, मिळून ९० अंश. वर्तुळ तयार. दुसरी पट्टी चालवली की दोनपैकी एका कर्णाचा धक्का उलटा होतो आणि वर्तुळ उलट फिरतं.

रुंदी म्हणजे वारंवारता भागिले क्यू. क्यू म्हणजे शिखर किती टोकदार आहे त्याचा आकडा. रोटर दाबलेला असताना तुमचा क्यू ८० च्या आसपास निघाला, तर ७० किलोहर्ट्झला रुंदी ९०० हर्ट्झ होते. तुमचं अंतर आहे २७०० हर्ट्झ. इतक्या अंतरावर मधोमध गेलात तर दोन कर्णं १४० अंशांहून जास्त वेगळी पडतात, टोक वर्तुळाऐवजी सरळ रेघेकडे झुकणारं चपटं लंबवर्तुळ काढतं आणि तेही लहानसं. रुंदी मोजाल ती रोटर लावूनच मोजा. मोकळ्या नळीचा क्यू खूप जास्त येतो आणि मग आपण चुकीच्या अंतरामागे लागतो.

एकाच दिशेने फिरण्याचं कारण मात्र यात नाही. अंतर जास्त असतं तर दोन्ही दिशा सारख्याच अशक्त झाल्या असत्या. तुमची कर्णं तिरपी झाली आहेत असा संशय आहे. तपासायची सोपी युक्ती: दोन्ही पट्ट्यांना एकच व्होल्टेज एकाच वेळी द्या. फक्त पट्ट्यांमधलं कर्ण हलायला हवं, म्हणजे एकच शिखर दिसायला हवं. मग एका पट्टीच्या तारा उलट्या करा. आता फक्त दुसरं शिखर दिसायला हवं. दोन्ही वेळा दोन्ही शिखरं दिसली तर कुठेतरी असमतोल आहे. गोंद एका बाजूला जास्त ओघळला असेल, पट्टी मध्यरेषेवरून सरकली असेल किंवा सोल्डरचा थेंब मोठा झाला असेल.

ही चाचणी केल्यावर कोणतं शिखर कोणत्या कर्णाचं तेही कळतं. वरचं शिखर ज्या कर्णाचं, त्या कर्णाच्या दोन्ही टोकांना, नळीच्या मध्यावर, समोरासमोर थोडं थोडं घासा. तो सूर खाली येईल.

उष्णतेबद्दल. पट्ट्या ५एच का घेतल्या?

सूक्ष्मयंत्र

कारण तक्त्यात तिचा आकडा सर्वांत मोठा होता. दर व्होल्टला ती पीझेडटी-४ च्या दुपटीहून जास्त आखडते.

त्रिज्या

स्थिर व्होल्टेजवर खरं आहे. अनुनादावर त्या आकड्याला क्यूने गुणायचं असतं. ५एचचा स्वतःचा क्यू ६५ च्या आसपास, पीझेडटी-४ चा ५०० च्या. पितळ, गोंद आणि घर्षण मिळून हा फरक बराच खाऊन टाकतात हे मान्य, पण उष्णता खात नाहीत. ५एचमध्ये विजेची गळती साधारण पाचपट आहे. पट्टी तापली की नळीचा सूर खाली सरकतो, तुमचं व्होल्टेज मात्र जुन्या वारंवारतेवर अडून बसतं. मग मोटर हळूहळू मरते. तुम्ही पाहिलंत ते हेच.

शिवाय ५एचचा क्युरी बिंदू, म्हणजे पिएझो गुण पार नाहीसा होतो ते तापमान, १९३ अंश सेल्सिअस. त्याच्या निम्म्यापर्यंत तापमान गेलं की ध्रुवण (पट्टीला पिएझो गुण देणारी आतली विद्युत मांडणी) उतरायला लागतं असं आम्ही धरून चालतो. तुम्ही तारा कशाने जोडल्या? ३५० अंशांचा सोल्डरिंग आयर्न तीन सेकंद टेकवला असेल तर त्या जागेची पट्टी आता नुसती फरशी आहे. पीझेडटी-४ घ्या, तारा चांदीच्या एपॉक्सीने जोडा आणि जोड टोकापासून २.२ मिमीवर घ्या. नळीच्या पहिल्या वाकण्याचे न हलणारे दोन बिंदू लांबीच्या ०.२२४ भागावर असतात. नळी धरायची तीसुद्धा तिथेच.

अनुराधा_न

मी एमआरआय विभागात काम करते. आमच्या खोलीत साधी मोटर नेता येत नाही, म्हणून हा धागा उघडला. चुंबक नाही, लोखंड नाही, म्हणजे ही मोटर आत चालेल ना? सुई सरकवायच्या किंवा नमुना फिरवायच्या साधनांत अल्ट्रासॉनिक मोटरी वापरतात एवढं ऐकून आहे.

पीझेडटी घासताना मास्क लावा, हेही सांगायचं होतं. वजनाने साठ टक्क्यांहून जास्त शिसं असतं त्यात. पट्टी कापायची असेल तर पाणी सोडून, ओली असतानाच. तो भुगा स्वयंपाकघराच्या ओट्यावर नको.

त्रिज्या

अनुराधाताई, चालते, आणि बिनचुंबकी आवृत्त्या विकतही मिळतात. दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पितळ चुंबकी नसलं तरी वीज वाहतं, त्यामुळे जवळच्या प्रतिमेत डाग येतो. आणि ड्राइव्हरच्या (मोटर चालवणाऱ्या सर्किटच्या) तारा खोलीत विजेचा गोंगाट आणतात. सळई आणि स्प्रिंगही स्टीलची नको. बरेच जण प्रतिमा घेताना मोटर बंद ठेवतात. ती वीज नसतानाही जागा सोडत नाही, म्हणून ते जमतं.

शिशाच्या सूचनेला दहा वेळा दुजोरा.

रेवदंडा

हौशी वाचक आहे, माझा प्रश्न भाबडा वाटू शकेल. चार मिलिमीटरच्या चुंबकी मोटरी बाजारात आहेत. घड्याळांत तर त्याहून छोट्या. मग एवढी यातायात का?

त्रिज्या

अजिबात भाबडा नाही, सगळं क्षेत्र या प्रश्नावर उभं आहे.

माप निम्मं केलं तर काय होतं पाहा. चुंबक आणि तारेमधला जोर, तारेतल्या विजेची घनता तीच ठेवली तर, आठव्या हिश्श्यावर येतो. पिएझोचा जोर क्षेत्रफळाच्या हिशोबाने उतरतो, म्हणजे पाव होतो. आणखी निम्मं करा, एकाचा चौसष्टावा, दुसऱ्याचा सोळावा. छोट्या चुंबकी मोटरीत जोर उरत नाही, म्हणून ती खूप वेगाने फिरवून गिअरने वेग उतरवतात, आणि इतक्या छोट्या गिअरमध्ये घर्षणच सगळं गिळतं. पिएझो मोटर मुळातच हळू आणि जोरकस, गिअरशिवाय चालते.

किती खाली जाता येतं याची दोन उदाहरणं. जपानच्या टोयोहाशी तंत्रज्ञान विद्यापीठात तोमोआकी माशिमो यांनी एक मिलिमीटरचा धातूचा घन घेतला, त्याला आरपार भोक पाडलं, बाहेरच्या बाजूंना पिएझो लावले आणि आतला रोटर फिरवला. टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, दहा मायक्रोन्यूटन-मीटरच्या वर. ऑस्ट्रेलियात मोनॅश विद्यापीठाच्या गटाने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रोटियस मोटरचा स्टेटर (न फिरता कंप पावणारा भाग) तर पाव मिलिमीटरहून बारीक. त्यांनी नळीला मळसूत्री चिरा पाडल्या. नळी उभी कंप पावली की त्या चिरांमुळे तिला पीळही पडतो. रक्तवाहिनीतून पोहत जाणारं यंत्र हे त्यांचं स्वप्न होतं. तो चिरांचा विचार मला अजूनही विलक्षण सुंदर वाटतो.

भिंगवाल्यांच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच देते. कड्याच्या मोटरीत पिएझोच्या कड्याचे तुकडे एकाआड एक उलटसुलट ध्रुवित करावे लागतात. ६० मिमीच्या कड्यात ते जमतं. दोन मिलिमीटरच्या कड्यात तेवढे तुकडे कोरायचे कसे? म्हणून लहान मापात सगळे नळीकडे किंवा घनाकडे वळतात.

भिंगवाला

मनापासून आभार. वाचनखूण साठवली आहे.

सूक्ष्मयंत्र

तीन आठवड्यांनी येतोय. त्रिज्याताई, तुमची चाचणी जुन्या नळीवर केली. दोन्ही पट्ट्या एकत्र चालवल्यावरही दोन्ही शिखरं दिसली. भिंगाखाली पाहिलं तर दुसऱ्या पट्टीच्या एका कडेला एपॉक्सीचा लांबच लांब ओघळ सुकलेला होता. तो खरवडून काढला आणि रोटर त्याच संध्याकाळी उलट दिशेने फिरला! कुरकुरत का होईना, पण फिरला.

आता दुसरी नळी करतो आहे, पीझेडटी-४ लावून, आणि नवीनच कोडं पडलं आहे. जुन्या पट्टीची धारिता (कपॅसिटन्स) सुमारे ८०० पिकोफॅरड होती, नवीची हिशोबाने ३०० च्या जरा वर. ती संतुलित करायला इंडक्टर काढला तर १७ मिलिहेन्रीचा आला. पुण्याच्या तपकीर गल्लीत दोन फेऱ्या मारून एक मिळवला, पण लावल्यावर व्होल्टेज वाढायच्या ऐवजी पडलं. पट्टी तीच, तारा त्याच.

त्रिज्या

मोटरपर्यंतची तार किती लांब आणि कोणती?

सूक्ष्मयंत्र

दोन मीटर. साधी कोअॅक्स केबल.

त्रिज्या

मग सापडलं. कोअॅक्स केबलची स्वतःची धारिता मीटरला १०० पिकोफॅरडच्या आसपास असते. दोन मीटरची २००. तुमची पट्टी ३०० ची. इंडक्टर काढताना केबल हिशोबात नव्हती, म्हणून तो भलत्याच वारंवारतेला जुळला. मोठ्या मोटरीत हा प्रश्न कधी येत नाही, कारण तिथे नॅनोफॅरडची भाषा असते. छोट्या मोटरीत केबलसुद्धा मोटरचाच एक भाग होते. तूर्त इंडक्टरचा नाद सोडा, छोटा ट्रान्सफॉर्मर लावून ६० व्होल्टचं शिखर मिळवा. पट्टी ०.३ मिमी जाडीची आहे, म्हणजे मिलिमीटरला २०० व्होल्ट. पीझेडटी-४ ला हे सहज पेलतं.

आणि सुरू करताना नेहमी वरून खाली या. ७४ किलोहर्ट्झपासून हळूहळू उतरा. मोठ्या झोक्यावर पीझेडटी मऊ होते, शिखर खालच्या बाजूला कलंडतं, आणि खालून वर गेलात तर वेग एकदम उडी मारतो, उतरताना शिखर ओलांडलंत तर एकदम कोसळतो. शिखराची वरची उतरंड सौम्य असते. तिथेच राहा.

ओलीहवा

चिपळूणजवळ राहते, उपकरणांची देखभाल करते. विषयाला थोडं सोडून, पण पावसाळ्याबद्दल लिहावंसं वाटलं. घर्षणावर चालणारी कोणतीही गोष्ट आमच्याकडे जुलैत वेगळी वागते. दाबून ठेवलेला रोटर दमट हवेत महिनाभर पडून राहिला तर त्याचं अस्तर कडेला चिकटतं, पहिल्यांदा सुरू करताना हाताने सोडवावा लागतो. शंकूला कसलं अस्तर लावलंय? आणि साधन ठेवताना स्प्रिंग सैल करायची सोय ठेवता येईल का?

सूक्ष्मयंत्र

अस्तर नव्हतं, स्टील थेट पितळेवर. काळा भुगा पडत होता, तो आता तुमच्या प्रश्नामुळे डोळ्यांसमोर आला. पुढच्या शंकूसाठी काय वापरावं?

त्रिज्या

पितळेची कड झिजली की तुमचा सूरही बदलतो, म्हणून हे महत्त्वाचं. मोठ्या लाटेच्या मोटरीत रोटरला टेफ्लॉन मिसळलेलं प्लॅस्टिक किंवा तत्सम अस्तर असतं. इस्रायलच्या नॅनोमोशनच्या मोटरीत अॅल्युमिना या कठीण सिरॅमिकचं बोट अॅल्युमिनाच्याच पट्टीवर घासतं, कठीण वर कठीण. तुमच्या मापाला अस्तर चिकटवणं अवघड आहे. पीक (PEEK) नावाच्या टणक प्लॅस्टिकसारख्या कशाचा तरी शंकूच वळवून घ्या. जोर किती अपेक्षित धरायचा तेही सांगते: घर्षणाचा गुणांक ०.२, दाब अर्धा न्यूटन, त्रिज्या ०.८ मिमी, म्हणजे एका टोकाला ८० मायक्रोन्यूटन-मीटर, दोन्ही टोकांना मिळून १६०. ही छताची उंची. हाती याच्या बरंच खाली येईल. दाब वाढवून छत वर नेता येतं असं वाटतं, पण एका मर्यादेपुढे कड शंकूपासून सुटतच नाही आणि सगळं जागच्या जागी बसतं.

लेथवरचा_माणूस

पीकचे शंकू मी वळवून देतो, रॉडचा तुकडा पडून आहे. नळीच्या पाठी घासताना मात्र हातात धरू नका. पितळेच्या चौकोनी ठोकळ्यात व्ही खाच पाडा, नळी त्यात बसवा, एक पाठ झाली की ठोकळ्यासकट ९० अंश फिरवा. हाताने काटकोन येत नाही, आला तरी दोन्ही पाठी सारख्या खोल येत नाहीत. मध्यावर घासायला घड्याळजीची गोल कानस घ्या आणि दोन्ही बाजूंना ओढी मोजून मारा. इकडे पाच तर तिकडे पाच.

सूक्ष्मयंत्र

काकांचे शंकू आले, ठोकळाही केला. दुसऱ्या नळीची नोंद अशी.

चिकटवल्यावर शिखरं ७०.२ आणि ७२.० ला. दोन्ही पट्ट्या एकत्र चालवल्या की फक्त खालचं दिसतं, तार उलटी केली की फक्त वरचं. इतकं स्वच्छ विभाजन पाहून मी दहा मिनिटं तेच करत बसलो होतो. रोटर दाबून रुंदी मोजली, ती ९०० हर्ट्झच्या आसपास आली. वरचं शिखर आडव्या कर्णाचं होतं. त्या कर्णावर, नळीच्या मध्यावर, दोन्ही बाजूंना पाच-पाच ओढी आणि लगेच मोजणी. पहिल्या फेरीत काहीच हललं नाही, ओढी फारच हलक्या पडल्या होत्या. चौथ्या फेरीनंतर ७१.५. मग दोन-दोन ओढींवर आलो. शेवटी शिखरं ७०.१ आणि ७१.१ वर थांबवली.

७०.६ ला पहिली पट्टी: मिनिटाला साधारण ९०० फेरे. दुसरी पट्टी: उलट दिशेने ७५०. पंधरा मिनिटं सलग चालली, नळी कोमट.

आता टॉर्क मोजायचा आहे आणि इतका लहान टॉर्क मोजणारं काहीही माझ्याकडे नाही.

त्रिज्या

अभिनंदन! ७५० आणि ९०० हा फरक पहिल्या खऱ्या नळीसाठी फारच चांगला आहे.

टॉर्कसाठी मोटर उभी ठेवा आणि वरच्या रोटरवर पितळेची चकती बसवा, २० मिमी व्यास, १ मिमी जाडी. तिचं जडत्व १.३ × १०⁻⁷ किलोग्रॅम-चौरस मीटरच्या जवळ येतं. चकतीवर एक काळी रेघ काढा, मोबाइल सेकंदाला २४० चित्रांवर ठेवा आणि मोटर सुरू करा. दर चित्रात रेघ किती सरकली त्यावरून वेग, वेगाच्या बदलावरून त्वरण, त्वरण गुणिले जडत्व म्हणजे टॉर्क. थांबलेल्या अवस्थेपासून पूर्ण वेगापर्यंतचा सगळा आलेख एकाच सुरुवातीत मिळतो. चकतीचं वजन तीन ग्रॅमच्या आत आहे, त्यामुळे दाबात फार ढवळाढवळ होणार नाही. वीज बंद केल्यावर ती कशी थांबते तेही टिपा. त्यातून घर्षणाचा गुणांक निघतो, माझा ०.२ खरा की खोटा ते कळेल.

सूक्ष्मयंत्र

केलं. सुरुवातीचं त्वरण सुमारे ३४० रेडियन प्रति सेकंद वर्ग, म्हणजे टॉर्क ४५ मायक्रोन्यूटन-मीटरच्या आसपास. छताच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडा कमी. चकती थांबतानाच्या चित्रांवरून गुणांक ०.१६ निघतो आहे, पण रेघ जाड झाल्यामुळे मला तो आकडा पक्का वाटत नाही. उद्या बारीक रेघ काढून पुन्हा.

आरशाला एवढा टॉर्क भरपूर आहे. काका, १.२ मिमी बाहेरचा आणि ०.५ मिमी आतला व्यास असलेली पोकळ सळई तुमच्याकडे वळवता येईल का? ३० मिमी लांब, एका टोकाला आटे. तंतू त्यातूनच जायचा आहे.

लेथवरचा_माणूस

०.५ चं भोक ३० मिमी लांब पाडणं माझ्या मशिनवर नाही जमणार, ड्रिल वाकेल. इंजेक्शनच्या सुईची तयार स्टेनलेस नळी घ्या, त्या मापाच्या जवळची मिळते. आटे मी पाडून देतो. शनिवारी या, येताना शंकू आणि स्प्रिंग घेऊन या, तिथेच बसवून पाहू.